बागफेरीच्या पासचे नऊ महिने : कमाटीबाग पुन्हा पुन्हा, आणि एकदा लालबाग

जुलैत पास घेतला होता, आता मार्च संपत आलाय. नऊ महिने पूर्ण वापरून झाल्यावर लिहायचं असं ठरवलं होतं, म्हणून एवढे दिवस थांबले.

बडोद्यातल्या एका सहल आयोजकाने ऐतिहासिक बागा आणि पुष्पप्रदर्शनांचा हा पास काढला होता. महिन्यातून एका रविवारी सकाळी साडेसहाला मार्गदर्शकाबरोबर अडीच तासांची फेरी, अशा नऊ फेऱ्या. माणशी ५,४०० रुपये, म्हणजे एका फेरीला ६००. जानेवारीत बंगळूरच्या लालबागेतलं पुष्पप्रदर्शन पाहायला तीन दिवसांची सहल होती, तिचे पैसे वेगळे. मी दोन पास घेतले, एक माझा आणि एक आत्याचा. आत्या ७४ वर्षांची आहे, जन्म दांडिया बाजारातला. कमाटीबाग, म्हणजे शहरातली सार्वजनिक सयाजीबाग, तिला घराच्या अंगणासारखी. तिला काय नवीन दाखवणार, अशी मला शंका होती.

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत वाचणाऱ्यांचं काम होईल. बडोद्यातल्या फेऱ्या पैसे वसूल करणाऱ्या आहेत, त्यातही सप्टेंबरपासूनच्या. बंगळूरची सहल आत्ता ज्या स्वरूपात आहे त्या स्वरूपात घेऊ नका. लालबाग जरूर पाहा, पण आपली आपण.

पत्रक हातात आलं तेव्हा मी आयोजकांना फोन करून तक्रार केली होती. नऊपैकी पाच फेऱ्या एकट्या कमाटीबागेत. जी बाग आम्ही फुकटात रोज पाहू शकतो तिथे पाच वेळा पैसे देऊन का जायचं? त्यांनी सांगितलं, ऋतू बदलला की बाग बदलते, तुम्ही येऊन बघा. त्या वेळी मला ती विक्रीची भाषा वाटली. आज मी स्वतःच सांगेन की या पासात सगळ्यात विचारपूर्वक केलेली गोष्ट तीच आहे.

जुलैची पहिली फेरी मात्र बेतास बात. इतिहासाचं शिक्षण घेतलेला एक तरुण मार्गदर्शक होता, हुशार आणि नम्र, पण त्याची गोष्ट पाटीवरच्या मजकुरापलीकडे जाईना. बागेजवळच्या काळ्या घोड्याच्या पुतळ्यापाशी सुरुवात, मग बाग १८७९ ची, ११३ एकरांची, सयाजीराव महाराजांनी लोकांसाठी विश्वामित्री नदीकाठी वसवलेली, मग संग्रहालय, मग तारांगण. आत्याने मध्येच विचारलं, "अरे, १८७९ मध्ये महाराज केवढे होते?" त्याने हिशेब केला, महाराजांचा जन्म १८६३ चा, म्हणजे सोळा वर्षांचे. राज्यकारभाराचे पूर्ण अधिकार त्यांना १८८१ मध्ये मिळाले, तोपर्यंत कारभार दिवाण सर टी. माधवराव पाहत होते. म्हणजे बाग उभी राहिली ती अल्पवयीन राजाच्या नावाने आणि दिवाणांच्या देखरेखीत. हे त्याला माहीत होतं, पण विचारल्याशिवाय त्याने सांगितलं नव्हतं. अशा प्रश्नांना जागा ठेवली तर फेरी दुप्पट रंगेल, असं मी त्याला त्याच दिवशी बोलून दाखवलं.

ऑगस्टमध्ये लक्ष्मी विलास राजवाडा. मेजर चार्ल्स मँटने आराखडा केला, तो १८८१ मध्ये वारला, पुढचं काम रॉबर्ट चिझमने १८९० मध्ये पूर्ण केलं, हे सगळं बडोद्यात शाळेपासून ऐकलेलं. बागेबद्दल मात्र नीट ऐकायला मिळालं ते याच फेरीत. राजवाड्याभोवतीच्या बागेची आखणी लंडनच्या क्यू उद्यानात काम केलेल्या विल्यम गोल्डरिंगने केली. त्याची पद्धत अशी की वाफ्यांची नक्षी कमी, मोकळी हिरवळ जास्त, आणि झाडांचे पुंजके अशा बेताने लावायचे की चालता चालता राजवाडा कधी झाकला जातो आणि कधी अचानक पूर्ण समोर येतो. मी तिथे लग्नांच्या स्वागत समारंभांना कितीदा गेलेय. पण झाडं अशी मुद्दाम पडद्यासारखी लावलेली असतात हे माझ्या ध्यानात कधी आलं नव्हतं. आता त्यातल्या बऱ्याच जागेवर गोल्फचं मैदान आहे, तरी वळणावर थांबलं की ती आखणी अजून कळते. या फेरीत कानात लावायची यंत्रं दिली होती. माझं अर्ध्या वाटेत बंद पडलं, आत्याचं सुरूच झालं नाही. पुढच्या महिन्यापासून ती दिली नाहीत, ते बरंच झालं.

पासाचा रंग बदलला तो सप्टेंबरपासून. त्या फेरीला मार्गदर्शकाबरोबर एक निवृत्त माळीकाका आले. आयुष्यभर बागकाम केलेला माणूस, बोलणं सगळं गुजरातीत. आमच्यासारख्या बडोदेकरांना त्याची काही अडचण नाही, पण पुण्या-मुंबईहून आलेल्या दोघी होत्या त्यांना मार्गदर्शक मराठीत सांगत होता. पावसाने सगळं चिंब, फुलं जवळपास नाहीतच. आम्ही सगळे मान वर करून झाडं पाहत होतो, तर काका म्हणाले, "बेन, पहेलां माटी जुओ." म्हणजे आधी माती बघा. त्यांनी वाफ्यातली मूठभर माती घेतली, लाडू वळला आणि कमरेएवढ्या उंचीवरून खाली टाकला. तो नुसता चेपला. अजून आठ दिवस थांबायचं, म्हणाले. लाडू पडून फुटला की माती बियाण्याला तयार. ओल्या चिकट मातीत पेरलं तर बी कुजतं आणि खुरप्याने हलवलेली माती वाळून दगड होते. थंडीत आपण जे पिटुनिया, फ्लॉक्स, पँझी पाहतो त्यांची सुरुवात या लाडवापासून होते. घरी आल्यावर मी गच्चीतल्या कुंड्यांची माती तशीच पाहिली आणि या वर्षी धने-मेथी पेरायला दहा दिवस उशीर केला. पीक दरवर्षीपेक्षा चांगलं आलं.

त्याच दिवशी पुराचं बोलणं निघालं. २०२४ च्या ऑगस्टमधला पूर बडोद्यातलं कुणी विसरणार नाही. विश्वामित्री बागेला लागून वाहते, त्यामुळे बाग त्यातून सुटली नव्हती. पाणी ओसरलं की हिरवळ धुऊन निघते आणि सगळं नीट झाल्यासारखं दिसतं, पण झाडाचं दुखणं जमिनीखाली असतं. मातीच्या कणांमधली हवा पाण्याने हाकलली जाते, मुळांना श्वास मिळत नाही, वर गाळाचा थर बसला तर तो झाकणासारखा काम करतो. एखादं झाड लगेच मरत नाही, दुसऱ्या-तिसऱ्या उन्हाळ्यात शेंड्याकडून वाळायला लागतं. म्हणून पुरानंतर खोडाभोवतीचा गाळ उकरून जुनी पातळी मोकळी करायची असते. आमच्या सोसायटीतल्या दोन कडुनिंबांचे शेंडे वाळलेत, लोकांनी ते वयावर घातलं होतं. मी काकांना फोटो दाखवला. त्यांनी बुंध्याचा फोटो मागितला, आणि बुंधा जमिनीतून सरळ खांबासारखा वर आलेला दिसला. बुंध्याचा तळ पसरट दिसत नसेल तर तो गाडला गेलाय असं समजायचं. डिसेंबरात आम्ही माणसं लावून तो गाळ काढून घेतला.

ऑक्टोबरची फेरी रोपवाटिकेत होती. मला सगळ्यात आवडलेली हीच, आणि गट सगळ्यात लहान होता तोही याच वेळी. लोकांना वाटतं रोपवाटिकेत काय पाहायचं! प्रदर्शनात जे दिसतं ते सगळं इथे ठरतं. शेवंतीच्या दोन रांगा शेजारी शेजारी होत्या. एका रांगेतल्या रोपांचे शेंडे पावसाळ्यात दोन-तीनदा खुडलेले, ती झुडपासारखी पसरलेली, त्यांना लहान फुलांचा ताटवा येणार. दुसऱ्या रांगेत एकेकच दांडा काठीला बांधलेला, बाजूच्या सगळ्या कळ्या काढून टाकलेल्या, म्हणजे झाडाची सगळी ताकद शेंड्याच्या एका कळीत जाऊन वाडग्याएवढं फूल येणार. डेलियाचंही तेच. काकांनी आत्याच्या हातात एक रोप दिलं आणि बाजूच्या कळ्या तिला खुडायला लावल्या. कळी वाटाण्याएवढी होण्याआधी काढायची, आणि नखाने नाही, बोटाने बाजूला वाकवून, म्हणजे सालीला इजा होत नाही. आत्या ते काम अर्धा तास करत बसली होती. बाकीचे पुढे निघून गेले, काका थांबले.

नोव्हेंबरची आठवण एका दिव्याची आहे. शेवंती बहरात होती, फक्त दिव्याच्या खांबाजवळच्या चार-पाच कुंड्या हिरव्यागार, कळ्यासुद्धा धड नाहीत. खत कमी पडलं असेल, रोप वेगळं असेल, असे सगळ्यांनी अंदाज केले. काकांनी वर बोट दाखवलं. शेवंतीला कळी धरायची तर रात्र मोठी आणि सलग अंधाराची लागते. दिवस लहान झाला की ती फुलायला लागते. रात्रभर दिवा अंगावर पडला तर तिला अजून उन्हाळाच वाटतो आणि ती नुसती पानं काढत राहते. फुलांचे व्यापारी उत्पादक हेच उलटं वापरतात, दिवे लावून बहर पुढे ढकलतात आणि काळं कापड टाकून आधी आणतात. माझ्या बाल्कनीतली शेवंती गेली तीन वर्षं का फुलत नाही याचं उत्तर मला असं कमाटीबागेत मिळालं. रस्त्यावरचा दिवा थेट तिच्यावर येतो. या वर्षी ती मागच्या गॅलरीत हलवली, जानेवारीत फुलली.

डिसेंबरबद्दल मला स्पष्ट तक्रार करायची आहे. पत्रकात मकरपुरा राजवाड्याची बाग छापली होती. तो राजवाडा हवाई दलाच्या प्रशिक्षण संस्थेकडे आहे, परवानगीशिवाय आत जाता येत नाही, हे बडोद्यात शाळकरी मुलांनाही माहीत आहे. परवानगी मिळेल असं धरून छापणं बरोबर नाही. आदल्या रात्री निरोप आला की फेरी रद्द, त्याऐवजी एका सभागृहात चित्रफिती दाखवून व्याख्यान. त्या फेरीचे ६०० परत मागितले, मिळाले नाहीत. व्याख्यान वाईट नव्हतं, पण आम्ही बागेसाठी पैसे दिले होते.

आता लालबाग. हैदर अलीने १७६० मध्ये सुरू केलेली, टिपूने वाढवलेली ही बाग आज २४० एकरांची आहे. तिथलं काचघर १८८९ चं, लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या धर्तीवर बांधलेलं. २६ जानेवारी आणि १५ ऑगस्टच्या सुमारास दोन मोठी पुष्पप्रदर्शनं भरतात. काचघराच्या मधोमध फुलांची भव्य प्रतिकृती उभी करतात आणि भोवती कुंड्यांची आरास असते. आम्हाला नेलं ते नेमकं रविवारी दुपारी. गट सांगितला होता पंधराचा, होतो एकेचाळीस. काचघराच्या रांगेतच तासभर गेला, आत थांबू देत नव्हते, पुढे चला, पुढे चला. सव्वा तासाने बस, आणि मग साड्यांच्या दुकानात दोन तास! आत्यासाठी चाकांची खुर्ची लागेल असं मी दोन महिने आधी लेखी कळवलं होतं. केलेली नव्हती. ती प्रदर्शनाच्या दारापर्यंत आली आणि बाकावर बसून राहिली. बागांच्या सहलीत ७४ वर्षांच्या बाईला बाग न पाहता परत फिरावं लागलं, याचं मला अजून वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी गटाचा कार्यक्रम सोडून आम्ही दोघी पहाटे रिक्षाने लालबागेत गेलो. तीच बाग, पण गर्दी नाही, आणि आत्या आपल्या चालीने, बाक आला की बसत. गुलाबी टॅबेबुइया फुलली होती, पान एक नाही, नुसती फुलं. आधी तिथल्या खडकावर गेलो. सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वीचा हा खडक, त्यावर बंगळूर वसवणाऱ्या केंपेगौडाचा छोटा बुरूज. आत्या चढली नाही, खडकाला हात लावून खाली बसली. मग फुलांचं घड्याळ पाहिलं आणि ती एकदम खुलली, कारण आपल्या कमाटीबागेतही आहे! तिने लगेच तुलना केली, आपलं जास्त चांगलं. त्या घड्याळांचं तंत्र मला जानेवारीतल्या कमाटीबागेच्या फेरीत कळलं होतं. यंत्र जमिनीखाली, काटे वर, आणि तबकडीवर लावायची झाडं बुटकी, रंगीत पानांची, सारखी कातरून सहन करणारी हवीत. आठवडाभर कातरणी चुकली तर पानं काट्यात अडकतात. म्हणजे त्या घड्याळाला किल्लीपेक्षा कात्रीची गरज जास्त.

लालबागेतच मला एक नाव दिसलं, क्रुम्बिगल. तिथे त्यांच्या नावाची वास्तू आहे, जवळ रस्ता आहे. एका ज्येष्ठ फिरणाऱ्या गृहस्थांना विचारलं, तर त्यांनी सांगितलं की हे जर्मन उद्यानतज्ज्ञ, क्यूमध्ये काम करून हिंदुस्थानात आले ते आधी बडोद्याला. मी आणि आत्या एकमेकींकडे पाहतच राहिलो. घरी येऊन वाचलं. गुस्ताव हर्मान क्रुम्बिगल १८९३ मध्ये बडोदा संस्थानात आले, इथल्या बागांची जबाबदारी सांभाळली आणि १९०८ मध्ये म्हैसूर संस्थानात जाऊन जॉन कॅमेरॉन यांच्यानंतर लालबागेचा कारभार हाती घेतला. पुढे वृंदावन उद्यानाच्या कामातही ते होते. बंगळूरच्या रस्त्यांवर एक झाड फुलून संपतं न संपतं तोच दुसरं फुलावं, वर्षभर कुठला ना कुठला रंग राहावा, अशा क्रमाने झाडं लावण्याचं श्रेय त्यांना देतात. टॅबेबुइया, मग जॅकरांडा, मग गुलमोहर, मग पिवळा सोनमोहर.

म्हणजे या पासातल्या दोन शहरांना जोडणारा माणूस एकच, आणि सहलीत त्याचं नावही कुणी घेतलं नाही. फेब्रुवारीच्या लक्ष्मी विलासच्या दुसऱ्या फेरीत मार्गदर्शकाने ते सांगितलं, छान सांगितलं. पण ते जानेवारीच्या आधी सांगायला हवं होतं. मग आम्ही लालबागेत बडोद्याचं पाणी पिऊन गेलेल्या माणसाची बाग म्हणून हिंडलो असतो. पुढच्या वर्षी क्रम बदला, असं मी आयोजकांना लिहून दिलंय.

मार्चची शेवटची कमाटीबाग. थंडीचे ताटवे उतरत आलेले, माळी बी धरण्यासाठी काही वाफे मुद्दाम सुकू देत होते. सावरीखाली लालजर्द फुलांचा सडा. काकांनी बहाव्याच्या फांदीकडे बोट दाखवलं, अजून काही नाही, पण एप्रिल-मेमध्ये या. आत्या आता आपण होऊन आधी मातीकडे पाहते, मग झाडाकडे. जुलैत जी बाग आम्ही पाठ आहे म्हणत होतो, तिच्यात पाचव्या फेरीलाही अडीच तास पुरले नाहीत.

थोडं उपयोगाचं. बाग सकाळी फिरणाऱ्यांनी भरलेली असते, त्यामुळे साडेसहाची वेळ पाळा, साडेसातनंतर मार्गदर्शकाचं ऐकू येत नाही. पावसाळ्यात आणि नदीच्या बाजूला डास भयंकर, पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. वाफ्यांजवळ चिखल असतो, चपला नकोत. लहान मुलं असतील तर रोपवाटिकेच्या फेरीला न्या, त्यांना हाताने काही करायला मिळतं. फक्त फोटो काढायचे असतील तर हा पास घेऊ नका, जानेवारीत एका सकाळी आपले आपण जा, तेवढं पुरेल. आणि फेरी झाल्यावर सेव-उसळ खायला जायचं असेल तर गटाबरोबर जाऊ नका. चाळीस माणसं एका हातगाडीवर गेली की तासभर उभं राहावं लागतं.

पुढच्या पासाची नोंदणी मेमध्ये सुरू होणार आहे. मकरपुरा पत्रकातून काढलंय, हे त्यांनी फोनवर सांगितलं. गट पंधराच्या वर जाणार नाही आणि ज्येष्ठांसाठी सांगितलेली सोय केली नाही तर त्या दिवसाचे पैसे परत, हे मी लेखी मागितलंय. त्याचं उत्तर अजून आलेलं नाही. माळीकाका येणार आहेत का, हा आत्याचा प्रश्न. येणार असतील तर बडोद्यातल्या फेऱ्यांचे पैसे आम्ही दोघी भरणार आहोत. बंगळूरला ऑगस्टच्या प्रदर्शनाला जाणार, पण तिकिटं आमची आम्ही काढतोय, आणि रविवार सोडून.